हिरूनानांचा खरं बोलणारा चष्मा

"हसू कशाला दाबतंस रं?" हिरूनानांनी विचारलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी खरंच हसू दाबत होतो, आणि लहानपणी देवी आल्या तेव्हापासून नानांना काडीचंही दिसत नाही.

करावे गावात मी त्यांच्या घरी भाड्याने राहतो. नाना ओट्यावर बसून नुसत्या बोटांनी मासेमारीची जाळी विणतात. उरणला नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना कॅमेरा बसवलेला चष्मा आणून दिला. समोर कोणी आहे का, किती लांब आहे, हसतंय की रुसलंय, हे तो बारीक आवाजात सांगतो. तेव्हापासून आळीचं सुख गेलं. मासळीवालीला नाना म्हणणार, "गोड बोलतंस, पन तोंड वाकडा हाय तुजा!" वर ठरलेलं पालुपद, "माजा चष्मा खोटा बोलत नाय." मी तर ओट्यावरून जाताना चेहरा कोराच ठेवू लागलो.

एका दुपारी आत डोकावलो, तर नाना एकटेच गप्पा मारत होते. चष्मा म्हणाला, "एक व्यक्ती. चार फूट. हसते आहे." खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. मी दारातच थिजलो. मग भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे नानांच्या बायकोचा, भागीकाकूंचा फोटो होता. काकू जाऊन वर्ष होत आलेलं. फोटो रेशनकार्डावरून मोठा केलेला; ओठ घट्ट मिटलेले, नजर रोखलेली. काकू अजिबात हसत नव्हत्या. मी तसाच मागे फिरलो.

वर्षश्राद्धाला सुनेने फोटोला झेंडूचा भरगच्च हार घातला. त्यात काकूंचा चेहराच झाकला गेला. थोड्या वेळाने नानांची हाक आली, "अरं, कुठं गेली ती?" मी धावत गेलो. नाना भिंतीसमोर उभे राहून चष्मा चाचपत होते. मी हार उतरवला.

"एक व्यक्ती. चार फूट. हसते आहे."

नाना मटकन खाली बसले. "चालीस वर्सं नांदली माज्याबरोबर. हसली का रुसली, माना कदी समजलाच नाय. आता समजतंय. हसतंय ना रं ती?"

मला भडभडून आलं. तरी आवाज सांभाळून म्हणालो, "हो नाना, हसतायत."

नानांनी मान माझ्याकडे वळवली. चष्मा म्हणाला, "एक व्यक्ती. दोन फूट. रडते आहे."

नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"बिघडला वाटतं," ते म्हणाले. "काय पन बोलतंय."

आणि तोच चष्मा पुन्हा चढवून भिंतीकडे तोंड करून बसले.