वेळेवर पोचलेला परण्या

घोड्यावर चढायच्या आधीच महारुद्रने सांगून टाकलं, परण्यात वाजेल तर माझ्या पेनड्राइव्हमधलंच वाजेल, नाहीतर घोडा परत न्या. पेनड्राइव्हमध्ये एकच अल्बम होता. कुठल्याशा थंड देशातल्या पोरांनी परवा-परवा काढलेला, रॉकचा. गाणी मोजकीच, पण एकेक गाणं असं की ताडकळसला एसटीत बसावं आणि पिंगळीला उतरताना तेच चालू असावं. ते ऐकताना महारुद्रचा ऊर भरून यायचा. गिटार मध्येच निघून जाते, आता काही येत नाही म्हणेपर्यंत भलत्याच तालावर परत येते, आणि अंगावर काटा उभा राहतो. हे त्याने गावात ज्याला-ज्याला ऐकवलं, तो-तो अर्ध्यात उठून गेला होता. आज वऱ्हाडाला उठून जायची सोय नव्हती.

"लगीन हाय का मयत?" मामा दत्तरावांनी विचारलं.

"मामा, आज शेवटपर्यंत ऐकायचं. मधी बंद केलं तर मी खाली उतरीन."

आता परण्या म्हणजे काय असतो? नवरदेव मारुतीच्या पाया पडून मंडपाकडे निघतो आणि दोस्त पुढे असे नाचतात की दोन गल्ल्या संपता संपत नाहीत. मुहूर्त पत्रिकेत छापायचा असतो, पाळायचा नसतो. पण इथे ठेका पडला सात मात्रांचा! पोरांनी हात वर केले, चार पावलं टाकली, तोवर गाणं वळलंसुद्धा. महारुद्रचा दोस्त बन्सीधर जिद्दीने एकटा नाचला आणि दत्तरावांच्या अंगावर जाऊन पडला. मग सगळे मुकाट चालू लागले. मुकाट चालल्यावर दोन गल्ल्यांना कितीसा वेळ लागणार? पिंगळीत पहिल्यांदाच कुणी नवरदेव मुहूर्ताच्या आधी मंडपात हजर झाला.

तिथे कशाचा कशाला पत्ता नव्हता. भात चुलीवर, भटजी दुसऱ्याच लग्नात, आणि नवरी सविता परभणीला पार्लरमध्ये. सासरे लिंबाजी बनियनवरच धावत आले आणि आमच्या गावात नाचायचं नव्हतं का, म्हणून वऱ्हाडावरच रागावले.

महारुद्रला काय, तेच हवं होतं. त्याने डीजेचा टेम्पो मंडपाच्या तोंडाशी लावून घेतला. पाहुण्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, कुणी शिव्या घालत होतं, एक आजोबा घोरू लागले. नवरदेव बाशिंग सावरत, डोळे मिटून, मान डोलवत बसला होता.

शेवटचं गाणं सुरू झालं आणि नेमकी सविता आली, पाठोपाठ भटजीही. लिंबाजींनी हात जोडले.

"जावईबापू, आता बंद करा. मुहूर्त गाठता यायलाय. आमच्या खानदानात आजवर कुणाला गाठता आला न्हाई."

"गाणं संपल्यावर," महारुद्र म्हणाला.

दत्तरावांचा संयम सुटला. ते तरातरा टेम्पोकडे गेले आणि त्यांनी वायरला हात घातला. तेवढ्यात सविता शालू सावरत त्यांच्या आडवी उभी राहिली.

"मामा, ऱ्हाऊ द्या ती वायर. मला जलमभर ऐकायचंय हे. तुमाला एकदा ऐकायला काय झालं?"

मामांनी वायर सोडली. सगळा मंडप मुठीत अक्षता धरून गाणं संपायची वाट बघत उभा राहिला. संपलं तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. लिंबाजींना मात्र हायसं वाटलं, कारण आता सगळं रीतीप्रमाणे झालं होतं.