जावईबापूंचे बारमाही टायर

टायरच्या बाबतीत अख्ख्या धुळ्यात आपल्याइतकं कोणाला कळत नाही, असं हितेंद्रचं स्वतःबद्दल अगदी प्रामाणिक मत होतं. त्याची गाडी लहान. मागे दोघं बसले की तिसऱ्याने गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न पडावा, इतकी लहान. पण तिच्या टायरसाठी या गृहस्थाने जेवढा अभ्यास केला, तेवढा दहावीला केला असता तर आज तो विमा कचेरीत कारकून नसता, साहेब असता. उन्हाळ्यात डांबर पातळ होतं, पावसाळ्यात काळी माती चाक सोडत नाही, हिवाळ्यात सकाळी रस्ता दवाने ओला. या सगळ्याला पुरून उरेल असा एकच टायर हवा, म्हणजेच ऑल सीझन. जेवताना, दाढी करताना, साहेब ओरडत असताना तो याच विषयावर विचार करायचा.

शेजारच्या टेबलावरचा झुलाल एकदा कंटाळून म्हणाला, "बठ्ठा टायर काळाच ऱ्हातस रे भाऊ. कोणता बी टाक."

हितेंद्र त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही.

अशात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण म्हणून काहीतरी चांगलं द्यायचं, हा रिवाज. सासऱ्याने विचारायचं, "काय पाहिजे?" जावयाने म्हणायचं, "काही नको." असं दोन-तीनदा झालं की मग अंगठी ठरते. हितेंद्रचे सासरे तोतारामनाना, सावद्याचे केळीचे व्यापारी. त्यांनी फोनवर रीतसर विचारलं, आणि हितेंद्रने पहिल्याच फटक्यात सांगितलं, "टायर."

त्याच्या बायकोने, मयुरीने, कपाळाला हात लावला. "आता सावद्यात म्हणतील, मयुरीचा नवरा सासऱ्याकडून चाकं घेऊन गेला."

"ब्रेक मारल्यावर अंगठी कामाला येते का?" हितेंद्र म्हणाला. यावर बोलण्यासारखं बरंच होतं, पण मयुरी लग्न टिकवणाऱ्या बायकांपैकी होती.

खरी गोष्ट वेगळीच होती. सावद्याच्या घरात मान होता तो मोठ्या जावयाला, भडगावच्या प्रेमराजला. विहिरीची मोटर बिघडली, प्रेमराजला विचारा. म्हशीला जुलाब झाले, प्रेमराजला विचारा. हितेंद्रला मात्र आजवर एकच गोष्ट विचारली गेली होती, चहा घेणार का. एकदा तरी या घरात आपल्या शब्दाला किंमत यावी, ही त्याच्या मनाला लागलेली गोष्ट होती आणि टायर ही त्याची एकुलती एक संधी होती.

"जवाईबापू, टायर मी पाहून घेऊ का?" नाना म्हणाले. "आमच्या गाड्यायचे मीच घेतो."

"नाही नाना. मी सांगतो तोच आणा. निवड माझी."

"बरं. पण सारा गोतावळा येईल त्या दिवशी. टायर चांगला निघाला तं नाव तुमचं, अन् नही निघाला तं बी तुमचंच."

ठरलेल्या दिवशी हितेंद्र आंघोळीला बसला तेव्हा मेकॅनिक अंगणात टायर बसवत होता. इकडे स्वयंपाकघरात सासूबाई झुंबरबाई आणि नानांच्या थोरल्या बहीण बेबाबाई यांच्यात धर्मचर्चा चालली होती. अधिक महिन्याचं वाण जाळीचं असावं लागतं, म्हणून तर अनारसे देतात. टायर चालतो का? बेबाबाईंनी बाहेर जाऊन टायर नीट पाहिला आणि निकाल दिला, "मधात एवढं मोठं भोक हे. चालते."

टायरला हळदकुंकू लागलं. हितेंद्रला लागलं. धोंडे इतके वाढले गेले की जेवण झाल्यावर सगळा पुरुषवर्ग आहे तिथे आडवा झाला.

चार वाजता निरोपाची वेळ झाली. अंगण नुकतंच धुतलेलं, फरशी ओली, आणि फाटकापाशी रस्त्यावर जायला चढ. एका बाजूला ट्रकमध्ये भरायचे केळीचे घड रचून ठेवलेले. हितेंद्रने गाडीच्या बोनेटवर हात ठेवला आणि भाषण सुरू केलं. टायरच्या चिरा पाणी कसं बाहेर फेकतात, रबर उन्हात नरम आणि थंडीत कडक का होत नाही, वगैरे. नाना मान हलवत ऐकत होते. हितेंद्रला धन्य वाटत होतं.

"ओल्या फरशीवर बी धरतो का?" प्रेमराजने विचारलं.

"ओल्या फरशीसाठी तर खास आहे."

असं म्हणून तो गाडीत बसला. गाडी दिमाखात अर्धा चढ चढली, तिथे चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि गाडी मागे आली. "पहिल्यांदा असंच होतं," हितेंद्र खिडकीतून म्हणाला. दुसऱ्यांदा गाडी चढावर थोडा वेळ थांबली, विचार केल्यासारखी तिरकी झाली आणि सावकाश मागे घसरत केळीच्या घडांत जाऊन बसली. चाकांखाली केळ्यांचा लगदा झाला. त्यावर चाकं आणखी जोरात फिरली आणि बेबाबाईंच्या नव्या लुगड्यावर शिकरणाची नक्षी उमटली.

हितेंद्र खाली उतरला. पुढच्या टायरला हात लावला तर हात काळा, बुळबुळीत. त्याने वास घेतला. घाण्याचं शेंगदाणा तेल.

तेवढ्यात सासूबाई हळूच जवळ आल्या. चेहऱ्यावर माया नुसती ओसंडत होती.

"कसे चमकू राह्यले, नही?" त्या कुजबुजल्या. "तुम्ही झोपले होते तवा मी अन् बेबाअक्काने लावलं. जवायाच्या अंगाले तेल लावतो, मंग वाणाले नको का? खालचा भाग कोरडा राह्यत होता, तं गाडी ढकलून तिथं बी लावलं. पण कोणाले सांगू नका. प्रेमराजच्या गाडीले नही लावलं, त्यायले राग येईन."

हितेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या दोन्ही हातांची नखं टायर चोळून काळी झाली होती. या घरात त्याचे लाड करणारं एकच माणूस होतं आणि ते आता उत्तराची वाट पाहत होतं. त्याने काळा झालेला हात पाठीमागे लपवला.

"काय झालं जवाईबापू?" नानांनी लांबून विचारलं.

"काही नाही नाना," हितेंद्र म्हणाला. "निवडताना चुकलो थोडा."

प्रेमराजने ट्रॅक्टर आणला, दोर बांधला आणि गाडी ओढून रस्त्यावर काढून दिली. वर टायर कसा निवडावा हेही साऱ्या गोतावळ्यासमोर सविस्तर समजावून सांगितलं. हितेंद्रने सगळं मान खाली घालून ऐकलं. निघताना सासूबाईंनी डिकीत तेलाचा डबा ठेवला. "दर अमावास्येले लावत जा."

टायरवरचं तेल भुसावळ येईपर्यंत रस्त्यानेच पुसून काढलं. डब्यातल्या तेलात मयुरीने भजी तळली, चिवडा केला, लोणचं घातलं. महिन्याभरात डबा रिकामा. तेल संपल्याचं तिच्या तोंडून फोनवर निसटलं, तेव्हा झुंबरबाई गहिवरून म्हणाल्या, "संपलं? मंग टायर लय भारी हे. हलका टायर इतकं तेल पित नही. जवाईबापूंची निवड चुकली नव्हती, बाई."

कोणाला सांगायचं नाही हे विसरून ही बातमी त्यांनी साऱ्या नातेवाइकांत पोचवली. आठवड्याने हितेंद्रला भडगावहून फोन आला. प्रेमराजचा आवाज कधी नव्हे तो नरम होता.

"साडूभाऊ, जरा सल्ला पाहिजे होता. ट्रॅक्टरच्या टायरला कोणतं तेल लावावं?"

हितेंद्र खुर्चीत सरळ बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणीतरी सल्ला विचारत होतं.

"शेंगदाण्याचंच घ्या," तो म्हणाला, "आणि खालून लावायला विसरू नका."