गुपित सांभाळणारं ऑफिस

माझ्या घरची गोष्ट आता माझ्या परवानगीशिवाय उंबऱ्याबाहेर जाणार नाही, असं मी चोपन्नाव्या वर्षी छाती ठोकून जाहीर केलं! कारण प्रौढशिक्षणाच्या वर्गात मी वाचायला शिकलो होतो. त्याआधी आमच्या घरचं पत्र किराणावाला वाचायचा, तेही गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं. माझी सासू वारल्याचं मला समजायच्या आत तेल घ्यायला आलेल्या तीन बायांनी डोळ्याला पदर लावला होता!

त्याच साली, शहाऐंशीत, आमच्या मध्यप्रदेशातल्या पांढुर्ण्याला स्टेशनजवळ एक नवीन ऑफिस उघडलं. सरकारी रजिस्टरांत लोकांची जी खाजगी माहिती असते ती फुटू नये, यावर देखरेख करणारं ऑफिस. मला वाटलं, हे माझ्यासाठीच उघडलं!

गरजही होती. माझी बायको अंबाबाई, तिच्या कोपरावर महारोगाचा चट्टा निघाला होता. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी बरा होतो, भ्यायचं नाही. पण गोळ्या वाटणारा माणूस दर बुधवारी सौंसरला आमच्या मोहल्ल्यात हापशीजवळ रजिस्टर उघडून नावं पुकारायचा, जसा संत्र्याचा लिलाव! आणि आमच्या प्रेमलताचं लोधीखेड्याच्या भगवंतरावांच्या श्रीकांतशी जमलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तीन हप्त्यांवर. तिकडे हे कळलं, की संपलं.

"मी पांढुर्ण्याले तक्रार देऊन येतो," मी म्हणालो.

अंबाबाई म्हणाली, "काहो, गुपित ठेवाचं हाय, त् ऑफिसात सांगाले काहून चालले?"

"तुले नाई समजत. सरकारी काम हाय ते!"

ऑफिसात सुधाकरबाबू नावाचे एकटेच कारकून होते. त्यांच्यामागे पोलादी कपाट उभं होतं, नवरदेवासारखं सजवलेलं. त्याला तीन कुलुपं आणि उद्घाटनाचा वाळलेला हार.

"आपलं गुपित यात राहील," बाबू कपाटावर थाप मारून म्हणाले. "फारम भरून देऊ का?"

"माहा मी भरतो!"

फॉर्म हिंदीत होता, पण अक्षरं तीच. रोगाचं नाव लिहिलं. 'जानकारी किससे छिपानी है' या रकान्यात भगवंतरावांचं नाव, गाव, घराजवळच्या पिठाच्या चक्कीची खूणसुद्धा लिहिली. असं वळणदार, की बाबू म्हणाले, "वा! मोत्यावानी अक्षर!" मी बसमध्ये छाती फुगवून बसलो.

दहाव्या दिवशी भगवंतराव दारात. चेहरा पडलेला. चहा नको म्हणाले. हातातलं पोस्टकार्ड खाटेवर ठेवलं. मी वाचलं, मराठीत सांगतो:

"आपणांस सूचित करण्यात येते की, सौंसरच्या अंबाबाई यांना महारोग असल्याची बाब गोपनीय आहे. तरी आपण ती जाणून घेऊ नये. जाणून घेतल्यास कारवाई होईल."

खाली गोल शिक्का. पोस्टकार्ड! उघडं! त्यांच्या पोस्टमननं ते चक्कीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं.

"साक्षगंध राहू द्या," भगवंतराव म्हणाले आणि गेले. आत प्रेमलता भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

मी तसाच निघून पांढुर्ण्याची बस धरली.

"बाबू, पोस्टकार्ड? लिफाफा नाई भेटला?"

"लिफाफ्याले बजेट नाई, भाऊ. कपाटात गेलं, पाटीत गेलं, उद्घाटनाच्या जीपच्या डिझेलात गेलं. पुढच्या साली मागून राहिलो."

"पण माह्या पोरीचं लगन मोडलं ना!"

बाबूंनी कागद पुढे केला. "इथं सही करा. गुपित कपाटात सुरक्षित आहे, एवढंच लिहिलंय. असे पन्नास कागद दाखवल्याशिवाय लिफाफे मंजूर होत नाहीत."

"पन्नास? आजवर किती झाले?"

"तुमचा पयला!"

मी सही केली नाही. बाबूंना फार वाईट वाटलं, लिफाफ्यांचं.

सौंसरला उतरलो तर भगवंतराव बसस्टँडवर माझी वाट पाहत उभे! मला बाजूला, रसवंतीमागं नेलं.

"गुणवंताभाऊ, चट्ट्याचं आमाले आधीच मालूम होतं. माही माय बी त्याच गोळ्या खाऊन राहिली, दोन सालापासून. म्हणूनच त् तुमचं घर पाह्यलं, म्हटलं, हे लोक समजून घेतील. पण आता सारं लोधीखेडा विचारून राहिलं, भगवंतराव चूप काहून? ह्याच्याच घरी काही असंल. मले दोन पोरी हायत अजून लग्नाच्या. आता मी सोयरीक ठेवली, त् माहं उघडं पडते."

त्यांच्या जागी मीही मोडली असती.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मायचं कोणाजवळ बोलू नका, भाऊ."

"नाई बोलत. जबान देतो."

प्रेमलताला पुढं चार वर्षं स्थळ आलं नाही. मग बैतूलकडचा एक बिजवर मिळाला. तोवर अंबाबाईचा चट्टा कधीच गेला होता. ते ऑफिसही बजेटअभावी बंद झालं.

भगवंतरावांना दिलेली जबान मात्र मी पाळली, बरं का! अंबाबाईनं मरेपर्यंत खोदून खोदून विचारलं, "सोयरीक खरंच काहून मोडली, सांगा ना." तिलाही सांगितलं नाही. प्रेमलतानं विचारलं, तिलाही नाही.

तुम्हाला आत्ता सांगितलं, तेवढंच. नावगावासकट.