मसुराचा डबा

पाव खाऊन तीनशे दहा, बटाटा खाऊन तीनशे वीस आणि आज मसूर खाऊनसुद्धा तीनशे पंधरा! केकवाल्याने साखर मोजायचं यंत्र ओट्यावर ठेवलं आणि तो मैद्याच्या पोत्यावर मटकन बसला.

हे सगळं विकतचं दुखणं. त्याच्या मेहुणीला, म्हणजे नर्सबाईंना, कोणत्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते ते बघायला धडधाकट माणसं हवी होती. "भाऊजी, तुम्हाला काय धाड भरलीय? खायचं, बोट टोचायचं, आकडा लिहायचा," ती म्हणाली आणि हा गडी लगेच तयार. केकवर गुलाब काढता काढता गजर वाजला, की बोट एप्रनला पुसायचं आणि टोचायचं.

निरोगी माणसाची साखर खाल्ल्यावर जराशी चढते आणि दोनेक तासांत जागेवर येते, असं तिच्या कागदावर लिहिलं होतं. याची साखर चढली ती तिथेच ठाण मांडून बसली. शेवटचा उपाय म्हणून त्याने नुसतं पाणी पिऊन पाहिलं. दोनशे नव्वद! पाण्यानेही साखर चढणाऱ्या माणसाने जगायचं तरी कशाला? भर दुपारी दुकानाला कुलूप लावून, अंगातला एप्रनही न काढता तो घरी आला.

"अगं, बस जरा. दुकान तुझ्या नावावर करतोय."

"का? कुठं निघालात?"

"वर."

आकडे बघून बायकोच्या डोळ्यांना धार लागली. केकवाल्यालाही भरून आलं.

"मनावर ओझं घेऊन मरायचं नाही मला. बारा वर्षं तू डब्यात मसूर देतेस ना, तो मी कधी खाल्लाच नाही. आज पहिल्यांदा खाल्ला, तोही तुझ्या बहिणीसाठी."

"मग डबा रोज चाटूनपुसून यायचा तो?"

"शेजारचा किल्लीवाला खातो. मी केकच्या कापलेल्या कडा खातो."

बायकोचं रडं जागच्या जागी थांबलं. ती काही बोलणार, एवढ्यात कागद न्यायला मेहुणी दारात हजर.

"पाव आणि मसूर सारखेच? छे! पावाने साखर भरभर चढते, मसुराने हळूहळू. आणि हे काय, पाण्याने? भाऊजी, टोचायच्या आधी हात धुता ना?"

"एप्रनला पुसतो की!"

दोघी बहिणींनी एप्रनकडे पाहिलं. गुलाबी साखरेने तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. मेहुणीने त्याला मोरीशी नेऊन साबणाने हात धुवायला लावले, पुसायला लावले आणि बोट टोचलं.

"शहाण्णव! अहो, ती साखर बोटावरची होती, रक्तातली नव्हे."

"वाचलो!" केकवाला ओरडला. बायकोने मात्र पदराने डोळे पुसले आणि बहिणीला विचारलं,

"म्हणजे हे आता कुठं जात नाहीत?"

"नाही गं ताई."

"आणि मसूर यांना चालतो?"

"चालतो काय, रोज द्यावा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको स्वतः डबा घेऊन दुकानात आली आणि स्टूल ओढून नवऱ्यासमोर बसली. नेहमीच्या वेळेला किल्लीवाला दारात येऊन घुटमळला. तिने केकच्या कडांची अख्खी ताटली उचलून त्याच्या हातात दिली. मग ती नवऱ्याकडे वळली.

"हात धुतलेत ना?" तिने विचारलं आणि डबा उघडला.