खून कितव्या पानावर?

"खून कितव्या पानावर आहे?" फोनवरच्या माणसाने नमस्कारसुद्धा न करता विचारलं.

"त्यात खून नाहीये," लेखक म्हणाला.

"नाही म्हणजे? निम्मं पुस्तक झालं माझं. नुसत्या धारा काढतायत. गाय व्यायली, पाऊस लांबला, आजीचा गुडघा धरला. माणसानं किती धीर धरायचा?"

"अहो, ती माझ्या लहानपणाची कादंबरी आहे."

"अस्सं!" पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे खरा खून आहे तर." आणि फोन बंद झाला.

लेखकाने आजवर सव्वीस रहस्यकादंबऱ्या लिहून त्यांत शंभराच्या आसपास माणसं मारली होती. वाचक त्याला रहस्यसम्राट म्हणत आणि समीक्षक काहीच म्हणत नसत. हे काहीच न म्हणणं साठी जवळ आल्यावर त्याला फार लागायला लागलं, म्हणून त्याने शेतावरच्या आपल्या बालपणावर कादंबरी लिहिली. निदान चारचौघांत तो असं सांगायचा. खरं कारण फक्त बायकोला ठाऊक होतं.

खरं कारण एक करडू होतं. लेखक सात वर्षांचा असताना ठिपकी नावाचं ते करडू त्याच्या मागेमागे फिरायचं, आणि एके दिवशी तो शाळेतून आला तर गोठ्यात ते नव्हतं. "विकलं," थोरला भाऊ म्हणाला. बस्स, एवढंच. न विचारता विकलं म्हणून वडिलांनी त्याला बडव बडव बडवलं, तरी त्याने पुढे अवाक्षर काढलं नाही. पुढे लेखक शहरात आला, आई-वडील गेले, दादाशी बोलणं कामापुरतं उरलं. पण दादा म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे "विकलं" म्हणणारा तो दगडी चेहरा यायचा. कादंबरी वाचून दादाने एकदा तरी "चुकलो" म्हणावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

"एका करडापायी तीनशे पानं?" बायको म्हणाली होती. "फोन करून विचारायचं की भावजींना."

"तुला नाही कळायचं," लेखक म्हणाला होता. बायकोला कळलेल्या गोष्टींबद्दल तो नेहमी असंच म्हणायचा.

पहिली माती प्रकाशकाने खाल्ली. मुखपृष्ठावर त्याने एक विळा रंगवून घेतला आणि विळ्याच्या टोकाला लाल थेंब.

"हे काय?"

"सूर्यास्त," प्रकाशक म्हणाला.

"थेंबातून?"

"मावळताना गळतोय. अहो, तुमच्या नावावर लोक काय गवत विकत घेणार आहेत?"

प्रकाशकाचं खरं निघालं. पुस्तक हातोहात खपलं आणि मग तक्रारी सुरू झाल्या. एकाने शेवटची पानं बांधायची राहिली म्हणून प्रत दुकानात परत केली. एक बाई तीन रात्री दिवा चालू ठेवून झोपल्या, कारण त्यांच्या मते आजी फारच गप्प होती. एका कॉलेजातल्या पोरांनी प्रेत विहिरीतच निघणार अशी पैज लावली. फक्त औषधांच्या दुकानवाल्या बाईंचा फोन आला नाही. लेखकाच्या प्रत्येक कादंबरीतल्या विषाची चूक काढून त्या त्याला झापत. या वेळी विषच नव्हतं, त्यामुळे तो निर्धास्त होता.

एका मासिकाने मात्र कौतुक केलं. तेही अख्ख्या पुस्तकातल्या एकाच वाक्याचं: "त्या सकाळी शाळेला निघताना कोठीतल्या पोत्यातले मूठभर गुलाबी दाणे मी ठिपकीला चारले, इतके सुंदर दाणे मी पुन्हा कधी पाहिले नाहीत." या गुलाबी रंगात हरवलेल्या बालपणाची सारी लाली उतरली आहे, असं समीक्षकाने लिहिलं होतं. लेखकाने ते कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि बायकोला इतक्यांदा वाचून दाखवलं, की ती भाजी चिरतानासुद्धा "बालपणाची लाली" म्हणून पुटपुटायला लागली.

अशात त्याची दाढ दुखायला लागली. दंतवैद्य जुना वाचक. त्याने लेखकाच्या तोंडात दोन अवजारं आणि कापूस कोंबला, यंत्र हातात घेतलं आणि मग विचारलं, "त्या करडाला भावानंच संपवलं ना?"

"आँ," लेखक म्हणाला.

"वाटलंच मला!"

"आँ आँ आँ!"

"समजलं, समजलं. कुणाला सांगत नाही," दंतवैद्य म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की रहस्यसम्राटाने स्वतःच्या तोंडाने कबुली दिली.

वाचनालयाने ताबडतोब लेखकाचा सत्कार ठरवला. आपल्या साहित्याची कदर झाली असं समजून लेखकाने दादाला फोन केला. "वाचलंस ना? मग ये. चार लोकांत तू असायला हवास." "येतो," दादा म्हणाला.

तो आला, कापडी पिशवी घेऊन, इस्त्री केलेल्या जुन्या शर्टात. लेखकाने त्याला वाचनालयाच्या दारातच गाठलं.

"कसं वाटलं पुस्तक?"

"चांगलंय," दादा म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "ते दाण्यांचं तेवढं नसतं लिहिलंस तरी चाललं असतं."

गाढवाला गुळाची चव काय, असं लेखकाच्या मनात आलं. अख्ख्या पुस्तकातलं एकमेव नावाजलेलं वाक्य, आणि नेमकं तेच दादाला खुपावं! तो आत गेला आणि फलक पाहून जागीच थिजला. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'करडाचा खुनी कोण? लेखकाच्या उपस्थितीत उकल.' दादा मागच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

अध्यक्षस्थानी निवृत्त फौजदार होते. त्यांनी पुस्तकात कागदाचे इतके तुकडे खोचले होते, की ते मिटत नव्हतं.

"करडू विकलं म्हणे!" फौजदार गरजले. "मग दावं खुंटीलाच कसं? नेणाऱ्यानं काय कडेवर घेऊन नेलं? बरं, विकलं तर पैसे कुठायत? बापानं एवढं बडवलं, तरी पोरानं एक नाणं काढून दाखवलं नाही. पुढे बघा, कुदळ धुऊन ठेवलेली. भर उन्हाळ्यात, प्यायला पाणी नसताना, कुदळ कोण धुतो?"

"आणि कुंपणाजवळचा भोपळा!" मागून कुणीतरी ओरडलं. "त्या वर्षी तोच एक वेल तरारला!"

"शाबास! आता शेवटचं. थोरला भाऊ दोन दिवस जेवला नाही. जेवण तुटलं की माणूस फुटतो, हे मी तीस वर्षं पाहिलंय. विकलं नाही. मारलं आणि पुरलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "अहो, हे साहित्य आहे," लेखक म्हणायला गेला, पण दंतवैद्य उभा राहून म्हणाला, "आता नाही कशाला म्हणता? मला तुम्हीच सांगितलंय!"

आणि मग लेखकाच्या डोक्यात उजेड पडला. दावं, कुदळ, भोपळा सगळं त्यानेच लिहिलं होतं, आठवलं तसं, न समजता. जगाची रहस्यं सोडवणाऱ्या माणसाला घरचं रहस्य एका फौजदाराने सोडवून दिलं होतं. त्याच्या कानशिलांतून वाफ निघायला लागली. त्याने माइक उचलला.

"दादा, ठिपकीला विकलं नव्हतंस?"

शंभर माना वळल्या. दादा सावकाश उठला. "नाही."

"मेली होती?"

"हो."

"कुणी मारली?"

दादाने भोवतालचे आशाळभूत चेहरे पाहिले. मग माइक धरून उभ्या असलेल्या धाकट्या भावाकडे पाहिलं.

"मीच म्हण," तो म्हणाला.

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. कुणी शीळ घातली, कुणी दादाबरोबर फोटो काढला. प्रकाशकाने तिथल्या तिथे दुसरी आवृत्ती जाहीर केली.

लेखकाने दादाला दंडाला धरून बाहेर पायऱ्यांवर नेलं. "इतकी वर्षं तोंडावर खोटं बोललास! का मारलंस?"

"झालं ते झालं, छोट्या."

"निदान चुकलो तरी म्हण!"

"चुकलो," दादा लगेच म्हणाला. "आता जाऊ दे. गाडी चुकेल माझी."

पन्नास वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो असा फुकटात मिळाल्यामुळे लेखकाला अधिकच राग आला. त्याने दादाला स्टँडवर सोडतो असंही म्हटलं नाही. दादा पिशवी सावरत रस्त्याच्या कडेने चालत गेला आणि लेखक सह्या द्यायला आत आला.

चहा आणि फोटोंत अर्धा तास गेल्यावर सह्यांची रांग लागली. रांगेत पहिल्याच औषधांच्या दुकानवाल्या बाई होत्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

"यंदा एकही चूक नाही!" त्या म्हणाल्या. "मगापासून हात वर करतेय, पण फौजदार बोलू देतील तर शपथ. सगळे बिचाऱ्या भावाच्या मागे लागले. अहो, पेरणीच्या बियाण्याला विष चोळतात, आणि चुकून कुणी खाऊ नये म्हणून त्यात गुलाबी रंग घालतात. मूठभर पोटात गेल्यावर करडू कुठलं दुपार बघतंय! आणि खुनी सगळ्यांच्या देखत दप्तर घेऊन शाळेत गेला. त्याचं त्यालासुद्धा शेवटपर्यंत कळू दिलं नाहीत. सव्वीस पुस्तकांत हे तुम्हाला जमलं नव्हतं हो!"

लेखकाने विचारलं, "भावाला... माहीत होतं?"

"मला काय विचारता? तुम्हीच लिहिलंय. पुरताना तोंडातले दाणे दिसलेच असणार. म्हणून तर मुकाट मार खाल्ला पोरानं."

त्याने दादाला फोन लावला. दादाने लगेच उचलला. "मिळाली गाडी. खिडकीची जागा आहे."

"दादा, ते दाणे..."

"आवाज तुटतोय तुझा," दादा म्हणाला. त्याचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. "जेवून घे वेळेवर." आणि त्याने फोन ठेवला.

बाईंनी पुस्तक उघडून लेखकापुढे सरकवलं. "पहिल्या पानावर नको. सही इथे करा, एकेचाळिसाव्या पानावर. खून इथे आहे."

फौजदारांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्याच्या हातात दिलं. लेखकाने गुलाबी दाण्यांच्या ओळीखाली सही केली.