हैबती गाडीत बसत नाही

पोलादपूरपासून आमच्या वाडीपर्यंत सत्तावीस वळणं आहेत आणि ती सगळी मला डोळे मिटून येतात! अकरा वर्षं मी हे भेटेल त्याला सांगत आले. त्यातली शेवटची दोन वर्षं मी जवळजवळ तशीच चालवत होते, हे तेवढं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी चंद्राबाई. शाळा चौथीपर्यंत, म्हशी सात, पिकअप एक. आमच्या मालकांचं नाव सखा. घेतलं एकदा, आता पुन्हा घ्यायला लावू नका. पहिल्या फेरीला ते माझ्या शेजारी बसले होते. तेव्हापासून पोलादपूरला चालत जातात. चालणं तब्येतीला चांगलं असतं म्हणे.

रोज सकाळी दुधाच्या किटल्या भरायच्या, घाट उतरायचा, पोलादपूरला निम्मं दूध द्यायचं, निम्मं महाडला. मला साखर आहे असं डॉक्टर लोक आठ वर्षं म्हणतात. मी पथ्य कडक पाळते. घरी चहा बिनसाखरेचाच. आता रतीबाच्या घरी कुणी प्रेमानं गोड चहा दिला तर नको म्हणून त्यांचा अपमान करायचा का? अशी माझी रतीबाची घरं चौदा. आणि म्हैस व्याली की खरवस. त्याला कुणी साखर म्हणत नाही, खरवसच म्हणतात.

आता वाडीचा नियम ऐका. गाडी घेतली तेव्हा देवळापुढं नारळ फोडताना म्हाताऱ्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं, की रस्त्यात ज्यानं हात केला त्याला सोडून जायचं नाही. मी कुणाला सोडलं नाही. बकऱ्या नेल्या, बाळंतिणी नेल्या, एकदा तर एसटी बंद पडली तेव्हा तिचा कंडक्टरही नेला.

एकच माणूस माझ्या गाडीत कधी बसला नाही. हैबती. आमच्या भावकीतला, नात्यानं धाकटा दीर. गाडी आली त्याच दिवशी पारावर बसून म्हणाला होता, बाईच्या गाडीत बसायला मला काय जीव जड झालाय? मी तेव्हा काही बोलले नाही. म्हणजे अर्धा तासच बोलले.

तर गणपती झाले नि एका सकाळी तेराव्या वळणावर, हैबतीच्या नाचणीच्या शेताजवळ, बघते तर काय! हैबती उभा. अंगात त्याचा नेहमीचा खाकी सदरा, डोक्याला लाल टॉवेल, आणि हात वर केलेला.

मला आत उकळ्या फुटल्या. आला म्हटलं, अकरा वर्षांनी वळणावर आला! मी गाडी थांबवली. हैबती हलेना. लाजत असेल म्हणून हॉर्न वाजवला. तरी नाही. माझ्या किटल्या खोळंबल्या होत्या, मी निघाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. हात वर, पाय घट्ट. मी खिडकीतून म्हटलं, "भावजी, झालं गेलं सोडा. बसा." उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला चार शब्द सुनावले. पण एक सांगते, त्यानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. त्याच्या बायकोपुढं कधी एवढा गप्प राहिला नसेल.

मग माझंच मन पाघळलं. माणूस रोज हात करतोय, तोंड उघडत नाही, म्हणजे त्याला मनवायला हवा. आमच्या दोन म्हशी नुकत्याच मागंपुढं व्याल्या होत्या. मी डबाभर खरवस नेला, खिडकीतूनच हात लांबवून शेताच्या दगडी गडग्यावर ठेवला आणि म्हटलं खा. येताना बघते तर डबा चाटूनपुसून रिकामा!

पुढं आठ दिवस हेच. मी खरवस ठेवायची, हैबती खायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत हात करून उभा. बसायचं नाव नाही. खरवस माझा गोड, गाडी तेवढी कडू!

माझी सून निशिगंधा. तिनं महाडला शिकून लायसन काढलंय, पण माझ्या गाडीला मी तिला फक्त धुण्यापुरता हात लावू देत होते. ती रोज विचारायची, खरवस जातो कुठं? मी म्हणायचे, माणसं जोडायला. आणि ती हळूच आठवण करून द्यायची, की याच महिन्यात माझ्या लायसनची मुदत संपते, नवं करायला डॉक्टरची सही लागते, तर डोळे दाखवून येऊ. मी म्हणायचे, माझ्या डोळ्यांना काय झालंय? हल्ली लोकच धूसर झालेत.

नवरात्राची बैठक देवळात भरली तेव्हा माझा संयम संपला. कुणी काय करायचं हे ठरत होतं. मी उभी राहिले आणि सगळ्या वाडीदेखत सांगितलं. पंधरा दिवस हा माणूस माझ्या गाडीला हात करतो, माझा खरवस खातो नि गाडीत बसत नाही. वाडीचा नियम मी पाळायचा आणि थट्टा यानं करायची! यानं माफी मागितल्याशिवाय माझी गाडी त्या वळणावर कुणासाठीच थांबणार नाही.

एका कोपऱ्यातून हैबतीचा आवाज आला. तो म्हणाला की गणपतीचं विसर्जन झालं त्याच दिवशी तो मुंबईला लेकीकडं, राजश्रीकडं गेला होता. आज दुपारच्या एसटीनं आला. आल्या आल्या शेतावर गेला, तर गडग्याकडची नाचणी माकडांनी साफ केलेली. यंदा माकडं त्याच जागी का जमतात तेच कळत नाही म्हणाला.

मी म्हटलं, एसटीचं तिकीट कुणीही दाखवेल. चला वळणावर, आत्ता दाखवते!

सगळी वाडी निघाली. मी पुढं. तेरावं वळण आलं आणि मला तो दिसला. खाकी सदरा, लाल टॉवेल, हात वर. उन्हं अजून शेतावर होती.

"बघा," मी म्हटलं. "अजून हात करून उभाच हाय. आता बोला भावजी, काय म्हणणं हाय तुमचं?"

"वहिनी," माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "मी हिकडं हाय."

मी वळले. हैबती माझ्या पाठीशी उभा. मग पुढं बघितलं. तिथंही हैबती. त्याच्या खांद्यावर एक माकड बसलं होतं.

"जाताना बायकोला सांगून गेलो होतो," तो म्हणाला, "का माझा जुना सदरा घालून बुजगावणं उभं कर. माकडं भिऊन जातील."

माकडं कशाची भिणार! आठ-नऊ दिवस त्याच्या पायाशी गोड खाऊन ती त्याला कुलदैवत समजायला लागली होती. वाडी हसली. माझे मालक सगळ्यात मागं उभे राहून हसत होते, ते मला नुसत्या आवाजावरून कळलं.

निशिगंधा हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला महाडला, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तरुण पोरगी, नाव देवश्री. तिनं भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मी म्हटलं, बाय, मी चौथी पास, मला इंग्रजी येत नाही. तिनं लगेच दुसरा तक्ता लावला, नुसत्या फण्यांचा. फणीचे दात कुठल्या बाजूला तेवढं सांगायचं. मी म्हटलं, सगळे माझ्याकडं.

मग तिनं डोळ्यांत थेंब घातले, बत्ती मारून बराच वेळ बघितलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो म्हणे. साखरेनं त्याच्यावर डाग पाडलेत, रक्त उतरलंय. लेसर करावं लागेल, इंजेक्शनं घ्यावी लागतील, आणि साखर आटोक्यात आली तर पुढं बघू. पण सही आता मिळणार नाही.

मी खूप बोलले. अकरा वर्षं एक ओरखडा नाही. चौदा घरांचं दूध. गाडी माझी, कर्ज मी फेडलं, घाट मला तोंडपाठ. ती सगळं ऐकत राहिली. निशिगंधानं तिला वळणाचं सांगितलं होतं वाटतं, कारण शेवटी एवढंच म्हणाली, "आजी, बुजगावण्याला तुम्ही माणूस समजलात, ते बरं झालं. उलटं झालं असतं तर?"

आयुष्यात पहिल्यांदा मी चावी काढून निशिगंधाच्या हातात दिली आणि गाडीत डाव्या बाजूला जाऊन बसले. डावी बाजू केवढी लहान असते हो!

पुढच्या सकाळी किटल्या भरल्या, निघालो. निशिगंधा स्टेअरिंगला अशी चिकटलेली, की समोरच्या चार हातांच्या रस्त्यापलीकडं बघत नव्हती. मी तिला म्हटलं होतं, तू रस्ता बघ, बाजूचं मी सांगते.

तेरावं वळण आलं. खाकी. लाल. हात वर.

माणसानं एकदा ठेच खाल्ली की शहाणं व्हावं. मी झाले होते.

"थांबू नको गो," मी म्हटलं. "बुजगावणं हाय ते."

निशिगंधानं गिअर बदलला नि गाडी जोरात काढली. वळणावर खड्डा आहे, त्यातलं पाणी सगळं बाजूला उडालं. मागून हाक आली, "ओ वहिनीऽऽ!"

बुजगावणं त्यानं आदल्या दिवशीच उपटून टाकलं होतं, हे नंतर कळलं. माझं लायसन गेलं, मला वाईट वाटलं असेल, म्हणून अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून माझ्या गाडीत बसायला आला होता बिचारा. नवीन टॉवेल बांधून.

आता हैबती रोज आमच्या गाडीनं जातो. माझ्याशेजारीच दाटीवाटीनं बसतो नि मुंबईच्या गोष्टी सांगून डोकं उठवतो. मी बिनसाखरेचा चहा पिते, महिन्याला महाडला इंजेक्शन घेते. वाडीचा नियमही अजून तोच आहे, हात करील त्याला सोडायचं नाही. फक्त हल्ली कुणी नुसता हात करत नाही. आमची गाडी लांबून दिसली, की वळणावळणावरून लोक दोन्ही हात हलवत आधी ओरडतात,

"वहिनी, माणूस हाय, माणूस!"