लिमये सिनेमाला जात नाहीत

आमच्या वारज्याच्या सोसायटीत नव्या सिनेमांची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस गेल्या सहा वर्षांत थिएटरची पायरी चढलेला नाही. लिमये त्यांचं नाव. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. दोन दारांच्या मध्ये लिफ्ट आणि चपलांची कपाटं, एवढंच काय ते अंतर.

शनिवारी-रविवारी कोणी बऱ्यापैकी कपडे करून लिफ्टपाशी उभं राहिलं की लिमयांचं दार उघडतं.

"सिनेमा?"

"हो."

"कितीला पडला?"

आपण आकडा सांगायचा. लिमये तो डोळे मिटून ऐकतात. मग म्हणतात, "लखलाभ. आल्यावर चहाला या." दार बंद.

हे आमंत्रण नसतं, समन्स असतं. सिनेमा पाहायचा तुम्ही, तिकीट काढायचं तुम्ही, आणि एक कप चहा व दोन बिस्किटं यांच्या मोबदल्यात तो लिमयांना अथपासून इतिपर्यंत सांगायचा. जागा ठरलेली असते. बाहेरच्या खोलीत, आतल्या खोलीच्या पडद्याला लागून एक खुर्ची आहे, तिथेच बसावं लागतं. "आणि जरा मोठ्याने बोला हं, मला कमी ऐकू येतं." लिफ्ट तळमजल्यावरून निघाली की या गृहस्थांना चौथ्या मजल्यावर कळतं, पण कमी ऐकू येतं! वय पंचाहत्तरीला आलेलं, असेल एखादी लहर, म्हणून मी सोडून दिलं होतं.

आपण जरा श्वास घ्यायला थांबलो की लिमये म्हणतात, "पुढे?" सगळी इमारत त्यांना माघारी पुढेकाकाच म्हणते.

तिसऱ्या मजल्यावर दीपक नावाचा अकोल्याचा एक आयटीवाला राहतो. तो एकदा या तावडीत सापडला. "काही दम नाही ना काका पिक्चरमध्ये," तो म्हणाला. "फर्स्ट हाफ स्लो आहे, सेकंड हाफ ओके."

"हा अभिप्राय झाला," लिमये म्हणाले. "मी गोष्ट विचारली."

दीपक दीड तासाने बाहेर पडला. आता तो सिनेमाहून आला की जिन्याने चढतो, आणि तेही चपला हातात घेऊन.

लिमयांनी सगळी नोकरी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली. दुसऱ्याच्या लेखनातली चूक शोधण्याचा पगार चाळीस वर्षं मिळाला की माणसाचं जे व्हायचं तेच त्यांचं झालं होतं. सोसायटीच्या फळ्यावर पाणीकपातीची सूचना लागली की पाणी जायच्या आत तिच्यावर त्यांच्या लाल पेनाच्या खुणा पडतात. सिनेमाही ते असाच तपासून घेतात. "ती भांडून निघाली म्हणता, मग पुढच्या प्रसंगात तिच्या हातात छत्री कुठून आली?" मला काय ठाऊक? मी पैसे भरून बसलो होतो, पहाऱ्यावर नव्हतो.

आणि त्यांचे प्रश्न! गोष्ट कितीही रंगात आलेली असो, मध्येच चहा बघायला म्हणून ते आत जाणार. त्यांचं स्वयंपाकघर आतल्या खोलीच्या पलीकडे आहे. तिथून आले की नवा प्रश्न घेऊनच येणार. "साडी कुठल्या रंगाची होती?"

"हिरवी."

"हिरवी म्हणजे? पोपटी, शेवाळी, का चिंचेच्या पाल्यासारखी?"

किंवा, "निरोप देताना तो हसला, का नुसतं हसल्यासारखं केलं?" असले प्रश्न चहाच्या वाफेने सुचतात, अशी माझी समजूत होती.

बरं, एवढी आवड आहे तर स्वतः का जात नाही? हा प्रश्न विचारायची चूक नव्या भाडेकरूने एकदाच करावी. "लाह्यांना चारशे रुपये!" लिमये सुरू करतात. ते पॉपकॉर्न हा शब्द उच्चारत नाहीत. "मार्केट यार्डात तेवढ्यात मक्याचं पोतं येतं, वर हमाल गाडीत ठेवून देतो. पाण्याची बाटली ऐंशीला. घरून नेलेली दारात काढून घेतात. विमानतळावरही हेच करतात, पण तिथे निदान पुढे विमान तरी मिळतं." फोनवर महिन्याभरात तोच सिनेमा येतो, असं कोणी सुचवलं तर म्हणतात, "तो सिनेमा नव्हे. तो सिनेमाचा पासपोर्ट फोटो."

मात्र कधी नरम असले की सांगायचे, "गावात, पेठेत राहायचो तेव्हा दर शनिवारी जायचो आम्ही. दोघंही. बाल्कनी. येताना चालत यायचो, आणि घर येईपर्यंत सगळा सिनेमा पुन्हा बोलून व्हायचा. एका तिकिटात दोनदा. आता चौघांचे अडीच हजार घेतात आणि एकदाच दाखवतात."

यातल्या दुसऱ्या व्यक्तीला, म्हणजे लिमयेकाकूंना, आम्ही इथे राहायला आल्यापासून चार वर्षांत दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा त्या लिमयांचा हात धरून रिक्षात बसत होत्या. "तिची तब्येत बरी नसते," एवढं बोलून लिमये विषय मिटवायचे. पुण्यात शेजारधर्म म्हणजे पुढचं न विचारणं. आम्ही तो निष्ठेने पाळला.

मी विमा कंपनीत कारकून आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा बायको आणि दोन मुलांना घेऊन सिनेमाला जातो आणि परतताना पार्किंगच्या पावतीकडे बघत राहतो. अशाच एका शनिवारी तेवीसशे रुपये घालवून मी लिमयांच्या खुर्चीत बसलो होतो. नायिकेच्या घराचं दार कुठल्या रंगाचं होतं, हे मला सांगता येईना. खिडकी डावीकडे का उजवीकडे, तेही येईना. लिमयांनी बिस्किटांची बशी किंचित मागे ओढली आणि म्हणाले, "तेवीसशे रुपये भरून तुम्ही नेमकं काय पाहिलंत?"

हे मला झोंबलं. घरी आल्यावर माझी बायको सुनीता पोट धरून हसली, ते जास्त झोंबलं. या माणसाला एकदा थिएटरात नेऊन बसवायचंच, म्हणजे याचं तोंड कायमचं बंद होईल, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

संधी चालून आली. लिमयांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मी दोन मजल्यांवर फिरून वर्गणी काढली. लोकांनी इतकी आनंदाने दिली की गणपतीलाही देत नाहीत. त्यातून शनिवारच्या चारच्या खेळाचं सगळ्यांत महागडं तिकीट काढलं. पाय वर होणारी खुर्ची, सोबत चारशेच्या लाह्या.

"एकच?" सुनीताने विचारलं. "काकूंचं?"

"काकू कधी बाहेर पडतात का?"

लिमयांनी पाकीट उघडलं. तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "एकच आहे," ते म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्याला फुकटातही दोन हवीत.

"परत देता येत नाही का हो?"

"नाही. आणि पैशांचं म्हणाल तर तुम्हाला एक पैसा पडणार नाही." मी हे जरा चवीने बोललो.

त्यांनी तिकिटावरची वेळ वाचली. मग त्यांनी विचारलं, "सुटतो किती वाजता?"

शनिवारी मी स्कूटरवरून त्यांना न्यायला गेलो, तर ते पांढरा शर्ट घालून तयार होते; पण निघवेना. आधी गॅस बघून आले. मग पाणी ठेवून आले. मग आणखी काहीतरी बघून आले. सुनीताला म्हणाले, "जरा आमच्या दाराकडे कान असू द्या." मॉलच्या दारापर्यंत मी त्यांना सोडलं. सुरक्षारक्षकाने अंग चाचपलं तेव्हा दोन्ही हात वर करून ते उभे राहिले आणि वळून माझ्याकडे बघत होते. मी हात हलवला आणि निघालो. फार बरं वाटत होतं.

साडेपाचच्या सुमारास मी भाजी घेऊन फाटकातून शिरतोय, तर रिक्षा थांबली आणि आतून लिमये उतरले. स्वारगेटहून सामान घेऊन यायचं असलं तरी बसची वाट बघणारा हा माणूस, रिक्षाने! छातीशी लाह्यांचा काठोकाठ भरलेला डबा. माझ्याकडे न बघता लिफ्टमध्ये शिरले आणि गेले.

माझं टाळकं सरकलं. सिनेमा सव्वासहाला सुटणार होता. म्हणजे गृहस्थ मध्यंतरात उठून आले! लोकांच्या वर्गणीची खुर्ची अर्धीमुर्धी वापरून! मी भाजीसकट चार जिने चढलो. लिमयांचं दार सताड उघडं होतं, किल्ली कुलपालाच लटकत होती. मी जाब विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून त्यांचा आवाज आला.

"घर उतारावर आहे. चिऱ्याचं. दारं निळी, पण रंग उडालेला, आपल्या जुन्या ट्रंकेसारखा. धाकटी बहीण एस्टीतून उतरते. साडी पिवळी. तुझी ती नारायणपेठी होती ना, तशी, पण काठ बारीक."

"पुढे?"

हा लिमयांचा आवाज नव्हता. काकूंचा होता. पण चाल तीच, वजन तेच. चार वर्षं जो शब्द मी त्यांचा समजत होतो, तो कोणाचा होता हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"पुढे मोठी बहीण दार उघडत नाही. आतूनच विचारते, कोण आहे. आणि मध्यंतर झालं."

"मग?"

"मग आलो."

"अहो, पूर्ण बघून यायचं ना! मी काय पळून जाणार होते?"

"शेजारी बोलायला कोणी नाही, आणि तुला सांगायचं ते साठत चाललेलं. सगळं एकदम आठवलं नसतं. हे घे, लाह्या. चारशेच्या आहेत, सावकाश खा."

पडदा अर्धवट सरकलेला होता. काकू पलंगावर बसल्या होत्या. लिमयांनी डबा पुढे धरला, तर त्यांचा हात डब्याच्या शेजारी हवेत फिरला, मग काठ सापडला. तेव्हा लिमयांना मी दिसलो.

ते बाहेर आले, दार मागे लोटून घेतलं. "काचबिंदू," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. काही दिसत नाही. तिला ते कोणाला कळायला नको होतं. म्हणते, लोकांना दया आली की ते चांगलाच सिनेमा सांगतात, वाईट असेल तो लपवतात."

"मग तुम्ही तिकिटाचं..."

"तिकिटं महागली ती आमच्या पथ्यावरच पडली. न जायला कारण मिळालं. आणि महाग आहे म्हटलं की पुण्यात कोणी खोदून विचारत नाही." त्यांनी मागच्या दाराकडे एकदा पाहिलं. "तुम्ही ते कारणच काढून घेतलंत. सगळ्यांनी पैसे घातलेले. नाही कसं म्हणायचं?"

मला इतकी लाज वाटली की हातातली भाजीची पिशवी कुठे ठेवावी ते सुचेना. मी दोन मजले फिरून, दारोदार पैसे गोळा करून, एका माणसाला त्याच्या बायकोपासून अडीच तास दूर पाठवायची सोय केली होती.

"दुसरा अर्धा तुम्ही सांगा," लिमये म्हणाले.

रविवारी सुनीता आणि मी स्वतःच्या पैशाने तोच सिनेमा बघून आलो. मी आयुष्यात प्रथमच सिनेमा इतका बघितला. दारं बघितली, खिडक्या मोजल्या, साड्यांचे रंग सुनीताला विचारून घेतले. मागच्या रांगेतून दोनदा "शूऽऽ" आलं, तरी विचारले.

संध्याकाळी लिमयांनी खुर्ची पडद्याच्या अलीकडे ठेवली नाही. पडदा बाजूला केला आणि म्हणाले, "आत बसा." मग चहा बघायला गेले.

मी सगळं सांगितलं. मोठी बहीण दार उघडते ते, चुलीपाशी दोघी पाठमोऱ्या बसतात ते, धाकटीच्या पदराला लागलेली राखसुद्धा. काकू माझ्या खांद्याच्या किंचित वर बघत ऐकत होत्या. मी थांबलो की म्हणत, "पुढे?" गोष्ट संपली तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला.

"एक विचारू का? यांना त्या मोठ्या खुर्चीत बसलेलं तुम्ही पाहिलंत ना? कसे दिसत होते? मला सांगत नाहीत."

मी त्यांना मॉलच्या दारात सोडून आलो होतो. खुर्ची मी पाहिलीही नव्हती.

"आधी नुसते काठावर बसले होते," मी म्हणालो. "बस थांब्यावर बसतात तसे. शेजारच्या बाईंनी बटण दाखवलं. पाय एकदम वर आले तेव्हा दचकले, दोन्ही हातांनी खुर्ची धरली. मग इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नाही ना म्हणून. चष्मा पुसला. शर्ट पांढरा होता, पण नीळ जरा जास्त झालेली. डबा मांडीवर होता, एकही लाही खाल्ली नाही. आणि दिवे गेले तेव्हा काहीतरी सांगायला मान वळवली."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," मी ठोकून दिलं.

"हं," काकू म्हणाल्या. "मी डावीकडेच बसते."

मी वर पाहिलं. लिमये चहाचे कप घेऊन दारात उभे होते, केव्हापासून ते कोण जाणे. माझी चूक काढायची अशी संधी त्यांना चार वर्षांत मिळाली नव्हती. ती त्यांनी सोडून दिली. कप खाली ठेवून काकूंच्या उजव्या हाताला जाऊन बसले.

काकूंनी मान त्यांच्याकडे वळवली नाही. माझ्याच दिशेला बघत म्हणाल्या, "पुढे?"